केनिया की इथिओपिया? मजुरी आणि कामाच्या अटींची तुलना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व आफ्रिकेतल्या या दोन शेजारी देशांमध्ये कापडाचे कारखाने आहेत, फुलांचे मळे आहेत आणि कामाच्या शोधात गाव सोडून शहराकडे निघालेले लाखो तरुण आहेत. इथिओपियात मजुरी स्वस्त आणि केनियात महाग, असं एका वाक्यात सांगितलं जातं. ते वाक्य अर्धवट आहे. बाकीचा अर्धा भाग पे-स्लिपमध्ये, घरभाड्यात, कामाच्या तासांत आणि नोकरी गेल्यावर काय मिळतं यात असतो. खरेदी विभागात काम करणारे, संशोधन करणारे विद्यार्थी, संघटनांचे कार्यकर्ते आणि तिथे नोकरीसाठी जाणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

दोन्ही देशांत किमान वेतन आहे का?

केनियात आहे. इथिओपियात सगळ्या खाजगी कामगारांना लागू होईल असा एकही आकडा नाही. तुलना करताना हा फरक सगळ्यात आधी ध्यानात घ्यावा, कारण बाकीचे बरेच फरक यातूनच आले आहेत.

केनियात वेतन आदेश सरकारी राजपत्रात छापले जातात. १ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालेल्या आदेशाने दर ६ टक्क्यांनी वाढले. नैरोबी, मोंबासा, किसुमू आणि नाकुरू या शहरांत साध्या मजुराचा महिन्याचा मूळ पगार १६,११३.७५ शिलिंग झाला. जुन्या नगरपालिकांच्या हद्दीत तो साधारण १४,८६७ आहे आणि उरलेल्या सगळ्या भागात साधारण ८,५९६. शेतीसाठी आदेशच वेगळा आहे. त्यात अकुशल मजुराचा दर ८,००० च्या किंचित खाली येतो, म्हणजे नैरोबीच्या मजुराच्या जेमतेम निम्मा. महाराष्ट्रात किमान वेतन उद्योग आणि परिमंडळ बघून ठरतं, तशीच ही रचना आहे. म्हणून ‘केनियाचं किमान वेतन किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठलं काम, कुठलं गाव आणि कुठली श्रेणी, हे तिन्ही सांगावं लागतं.

इथिओपियाच्या २०१९ च्या कामगार कायद्यात (घोषणापत्र क्रमांक ११५६) किमान वेतन ठरवण्यासाठी वेतन मंडळाची तरतूद आहे. तरतूद झाली, दर मात्र आला नाही. सरकारी नोकरांच्या वेतनश्रेणीला तळ आहे. २०२४ मध्ये तो १,१०० बिरवरून (बिर हे इथिओपियाचं चलन) ४,७६० वर नेला आणि पुढच्या वर्षी ६,००० बिर केला. पण तो कारखान्यातल्या शिलाई कामगारावर बंधनकारक नाही. कोणी सरकारी आकडा ‘इथिओपियाचं किमान वेतन’ म्हणून तक्त्यात टाकला असेल तर तिथेच दुरुस्ती करावी.

२६ डॉलर विरुद्ध २०७ डॉलर हे आकडे सगळीकडे दिसतात. ते बरोबर आहेत का?

हे आकडे न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न केंद्राने मे २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातले आहेत. इथिओपियातल्या हवासा औद्योगिक वसाहतीत नव्या शिलाई कामगाराचा मूळ पगार महिन्याला २६ डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे ७५० बिर होता. त्याच अहवालात बांगलादेश ९५ डॉलरवर आणि केनिया २०७ वर होता.

पण हे आकडे वापरताना तीन गोष्टी तपासा. पहिली, वर्ष. तेव्हापासून दोन्ही चलनांचे भाव पार बदलले आहेत. दुसरी, श्रेणी. २०१९ मध्ये नैरोबीतल्या साध्या मजुराचं किमान वेतन १३,५७२.९० शिलिंग, म्हणजे सुमारे १३२ डॉलर होतं. २०७ हा आकडा त्यापेक्षा बराच वर आहे, तेव्हा तो कायद्याने ठरवलेला तळ समजू नये. तिसरी, २६ हा फक्त मूळ पगार होता. हजेरी भत्ता, जेवण आणि बस यांची भर त्यावर पडत असे. एका बाजूला मूळ पगार आणि दुसऱ्या बाजूला एकूण कमाई ठेवली की फरक आठपट दिसतो. खरा फरक मोठाच होता, फक्त आठपट म्हणून छापण्याआधी दोन्ही बाजूंचा आकडा एकाच प्रकारचा करून घ्यायला हवा.

मग तुलना डॉलरमध्ये करायचीच नाही का?

खरेदीदाराला डॉलर लागतो, कामगाराला नाही. इथिओपियाने २९ जुलै २०२४ रोजी बिर बाजारभावावर सोडला. त्याआधी एका डॉलरला सुमारे ५७ बिर मिळत, वर्षअखेरीस १२० च्या वर मिळू लागले. समजा एका कामगाराचा पगार ३,००० बिर होता आणि तो तसाच राहिला. डॉलरमध्ये तो ५२ वरून २४ वर आला. कारखान्याच्या मालकाचा खर्च निम्म्याहून खाली गेला. कामगाराचं खोलीभाडं मात्र निम्मं झालं नाही, आणि बाहेरून येणारं तेल महाग झालं. एकाच घटनेत एकाची मजुरी स्वस्त झाली आणि दुसऱ्याचा संसार महागला. डॉलरचा रकाना एकटाच ठेवला तर यातली पहिलीच गोष्ट दिसते. केनियाचा शिलिंग २०२४ च्या मध्यापासून डॉलरला १२९ च्या आसपास स्थिर राहिला, म्हणून तिथे हा घोळ कमी आहे.

आम्ही तीन रकाने ठेवतो: स्थानिक चलनात हातात येणारी रक्कम, त्या महिन्याच्या दराने डॉलर, आणि त्या रकमेत काय येतं. तिसऱ्या रकान्यासाठी सोपी रीत अशी. त्या गावातल्या दुकानातला भाव घ्या: नैरोबीत उगाली या रोजच्या जेवणातल्या पदार्थासाठी मक्याच्या पिठाची दोन किलोची पिशवी, हवासात इंजेरा या पोळीसाठी एक किलो टेफ हे धान्य. भावाला तासाच्या निव्वळ मजुरीने भागा. ती वस्तू घ्यायला किती मिनिटं काम करावं लागतं ते कळतं. खोलीभाड्यालाही हीच रीत लावा, फक्त उत्तर दिवसांत काढा. राजधानीचा भाव वसाहतीच्या गावाला लावू नका. हवासाचं भाडं हवासातच विचारा, आणि कामगार खोलीत एकट्या राहतात की चौघी मिळून, हेही विचारा. हवासात चौघींनी एक खोली घेणं ही नेहमीची गोष्ट होती. भाडं चौघींत वाटून घेतल्यामुळेच तो पगार पुरल्यासारखा दिसत होता.

केनियाची पे-स्लिप कशी वाचायची?

नैरोबीतला साधा मजूर किमान वेतनावर आहे असं धरू.

मूळ पगार: १६,११३.७५
घरभाडे भत्ता १५ टक्के: २,४१७.०६
एकूण: १८,५३०.८१

यातून निवृत्ती निधी (एनएसएसएफ) ६ टक्के म्हणजे १,१११.८५, आरोग्य विमा (एसएचआयएफ) २.७५ टक्के म्हणजे ५०९.६० आणि परवडणाऱ्या घरांसाठीचा अधिभार १.५ टक्के म्हणजे २७७.९६ वजा होतात. उरतात १६,६३१.४०. या रकमेवर १० टक्क्यांनी आयकर १,६६३ होतो, पण महिन्याची वैयक्तिक सवलत २,४०० असल्याने प्रत्यक्षात कर शून्य. डिसेंबर २०२४ च्या शेवटी झालेल्या बदलानंतर आरोग्य विमा आणि घरांचा अधिभार करपात्र रकमेतून वजा होतात. जुन्या तक्त्यांत तसं नसतं, म्हणून वरच्या श्रेणीच्या पगाराला जुनी पद्धत लावली की कर जास्त निघतो.

मालकाचा खर्च यापेक्षा वेगळा आहे. निवृत्ती निधीत तोही ६ टक्के भरतो, घरांच्या अधिभारात १.५ टक्के भरतो आणि प्रशिक्षण शुल्क म्हणून दर माणशी महिन्याला ५० शिलिंग देतो. म्हणजे सुमारे १९,९७० शिलिंग.

यात सगळ्यात जास्त गडबड घरभाड्याची होते. कायदा सांगतो की मालकाने राहायला जागा द्यावी किंवा भाड्यापुरती रक्कम द्यावी, आणि सर्वसाधारण वेतन आदेशात ती मूळ पगाराच्या १५ टक्के धरली आहे. महाराष्ट्रात १९८३ च्या कायद्याने किमान ५ टक्के घरभाडं ठरवलं होतं, त्याच जातीची ही तरतूद. काही करारांत ‘पगार एकत्रित आहे’ एवढंच लिहितात. तसं असेल तर एकूण रकमेला १.१५ ने भागा. उत्तर किमान मूळ पगाराच्या खाली गेलं तर कामगाराला कायद्यापेक्षा कमी मिळतंय. १७,००० शिलिंगांचा एकत्रित पगार १६,११३ च्या वर दिसतो, पण भागल्यावर १४,७८२ निघतो. हे न तपासताच अनेक तपासणी अहवालांत ‘किमान वेतन पाळलं जातं’ असा शेरा पडतो.

आणि इथिओपियाची?

रकाने कमी, पण भत्त्यांचा गुंता जास्त. ३,००० बिर मूळ पगार धरू. खाजगी क्षेत्राच्या निवृत्ती वेतनात कामगार ७ टक्के आणि मालक ११ टक्के भरतो. २०२५ च्या सुधारणेनंतर पहिल्या २,००० बिरवर कर नाही आणि पुढच्या टप्प्यावर १५ टक्के आहे. म्हणजे निवृत्तीचे २१० आणि कराचे १५० वजा होऊन २,६४० हातात येतात. त्याआधीच्या पद्धतीत करमुक्त रक्कम फक्त ६०० बिर होती आणि याच पगारावर ३०७.५० कर बसे. २०१६ ते २०२५ या काळातल्या पे-स्लिपा हाताळत असाल तर जुनाच तक्ता लावा.

हजेरी भत्ता नीट बघा. वसाहतींतल्या कारखान्यांत मूळ पगार कमी ठेवून हजेरी आणि उत्पादनाचे भत्ते वर लावायची पद्धत आहे. एक दिवस चुकला की महिन्याचा हजेरी भत्ता पूर्ण जातो, असा नियम बऱ्याच ठिकाणी सापडतो. तापाने एक दिवस घरी राहिलेल्या मुलीचं नुकसान एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कितीतरी मोठं होतं. म्हणून कारखान्याने दिलेला ‘सरासरी कमाई’चा आकडा घेऊन थांबू नका. किती टक्के कामगारांना तो भत्ता खरोखर मिळाला, हे तीन महिन्यांच्या पगारपत्रकांवरून मोजा. शिवाय निवृत्ती वेतनाची वर्गणी मूळ पगारावर निघते, तेव्हा भत्ते फुगवल्याची झळ म्हातारपणीही बसते.

कामाचे तास आणि ओव्हरटाइम?

केनियाच्या सर्वसाधारण आदेशात आठवडा ५२ तासांचा, सहा दिवसांत विभागलेला आहे. अनेक सामूहिक करारांत तो ४५ तासांवर आला आहे. इथिओपियात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास. कागदावर इथिओपियाचा आठवडा चार तासांनी लहान आहे. तासाच्या दराने तुलना करताना महिन्याचे तास केनियासाठी २२५ आणि इथिओपियासाठी २०८ धरा. दोन्हीकडे एकच भाजक लावला तर तासाचा दर चुकीचा निघतो.

केनियात साध्या दिवशी जादा तासाला दीडपट, साप्ताहिक सुट्टीला आणि सार्वजनिक सुट्टीला दुप्पट. पे-स्लिपच्या उदाहरणातल्या मजुराचा तास ७१.६२ शिलिंग, म्हणजे जादा तास १०७.४२ आणि सुट्टीचा १४३.२३.

इथिओपियात चार दर आहेत: सकाळी ६ ते रात्री १० दीडपट, रात्री १० ते सकाळी ६ पावणेदोनपट, साप्ताहिक सुट्टीला दुप्पट, सार्वजनिक सुट्टीला अडीचपट. ३,००० बिरवर तास १४.४२ धरला तर हे दर अनुक्रमे २१.६३, २५.२४, २८.८५ आणि ३६.०६ बिर होतात. जादा काम दिवसाला ४ तास आणि आठवड्याला १२ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. ‘आजचं टार्गेट पूर्ण झाल्याशिवाय गेट उघडणार नाही’ म्हणून घेतलेला तास हजेरीयंत्रावर दिसतो, पगारपत्रकात नाही. म्हणून दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा. फुलांच्या मळ्यांवर, म्हणजे केनियात नैवाशाला आणि इथिओपियात झिवाय तळ्याकाठी, व्हॅलेंटाइन आणि मातृदिनाच्या आधीचे आठवडे वर्षातले सगळ्यात लांब असतात. तपासणी एप्रिल किंवा सप्टेंबरात केली तर हे दिसणारच नाही. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून १४ फेब्रुवारीपर्यंतच्या नोंदी वेगळ्या मागा.

रजांमध्ये कोण पुढे?

केनियात वर्षाला २१ कामाचे दिवस पगारी रजा. इथिओपियात पहिल्या वर्षी १६, नंतर दर दोन वर्षांनी एक दिवस वाढतो. म्हणजे केनियाच्या पहिल्या वर्षाइतकी रजा मिळायला इथिओपियात दहा-अकरा वर्षं लागतात.

बाळंतपणाची रजा केनियात तीन महिने, पूर्ण पगारी. इथिओपियात १२० दिवस: आधी ३०, नंतर ९०. इथे इथिओपियाचा कायदा चांगला आहे. वडिलांना केनियात दोन आठवडे मिळतात, इथिओपियात तीन दिवस.

आजारपणात फरक फार मोठा आहे. केनियाच्या कायद्याने वर्षात ७ दिवस पूर्ण आणि ७ दिवस अर्ध्या पगारावर, तेही दोन महिने नोकरी झाल्यावर. इथिओपियात बारा महिन्यांत सहा महिन्यांपर्यंत: पहिला महिना पूर्ण पगार, पुढचे दोन अर्धा, शेवटचे तीन बिनपगारी, पण नोकरी शाबूत. क्षयरोगासारखं लांबणारं दुखणं झालं तर हा फरक जिवावरचा ठरतो. किमान वेतन नसलेला देश म्हणून इथिओपियाचा कायदाच दुबळा असेल अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हे कलम जरूर वाचावं.

नोकरी गेली तर?

पाच वर्षं काम केलेल्या कामगाराला मंदीमुळे कमी केलं, असं उदाहरण घेऊ.

केनियात पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला किमान १५ दिवसांचा पगार, म्हणजे ७५ दिवस. शिवाय संघटनेला किंवा कामगार अधिकाऱ्याला एक महिना आधी कळवणं बंधनकारक, आणि नोटीस किंवा तिचा पगार वेगळा.

इथिओपियात पहिल्या वर्षाचे ३० दिवस आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३० अधिक ४०, असे ७०. कपातीमुळे नोकरी गेली असेल तर आणखी ६० दिवस. एकूण १३०.

दिवसांत मोजलं तर इथिओपिया पुढे, रकमेत मोजलं तर केनिया. ३,००० बिरवाल्याला १३० दिवसांचे १३,००० बिर मिळतील. तुमचं टिपण कशाबद्दल आहे, हक्काबद्दल की हातात पडणाऱ्या पैशाबद्दल, ते आधी ठरवा आणि तसं स्पष्ट लिहा.

मुदतींकडे दुर्लक्ष झालं की हक्क बुडतो. इथिओपियात परत कामावर घेण्याचा दावा तीन महिन्यांत आणि थकीत मजुरी किंवा ओव्हरटाइमचा दावा सहा महिन्यांत करावा लागतो. केनियात नोकरीच्या कराराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि बेकायदा काढलं असं ठरलं तर कामगार न्यायालय बारा महिन्यांच्या एकूण पगारापर्यंत भरपाई देऊ शकतं. इथिओपियातल्या कामगाराला सल्ला देणाऱ्याने पहिला प्रश्न तारखेचा विचारावा, बाकी कहाणी नंतर ऐकावी.

इतक्या कमी मजुरीला इथिओपियात कारखाने टिकले का?

हवासाची वसाहत २०१६ मध्ये सुरू झाली. अमेरिकी आणि आशियाई कंपन्या आल्या. मुंबई-ठाण्याच्या रेमंड समूहानेही तिथे कपडे शिवण्याचा कारखाना उभारला, तेव्हा मराठी वाचकालाही हे नाव अगदी परकं नाही. मजुरी हेच मुख्य आकर्षण होतं. पण स्टर्न केंद्राच्या अहवालानुसार कारखान्यांतले सरासरी सगळेच्या सगळे कामगार वर्षभरात बदलत होते. कारण साधं आहे. हवासाभोवतीच्या सिदामा भागातल्या खेड्यातून आलेली मुलगी पगारातून भाडं आणि जेवण भागवू शकत नव्हती, घरी पाठवायला काही उरत नव्हतं, आणि गावची शेती तरी पोट भरत होती. ती परत जायची. कारखान्याला नव्या मुलीला मशीन शिकवण्यापासून सुरुवात करावी लागायची. शिकाऊ हाताचा वेग कमी, उसवावं लागणारं काम जास्त. मजुरी पत्रकावर स्वस्त होती, नगामागचा खर्च तितका स्वस्त नव्हता. किमान वेतनाचा तळ नसल्याने नुकसान फक्त कामगाराचं झालं असं म्हणणं म्हणूनच चूक आहे.

पुढे इथिओपियाच्या उत्तरेला तिग्राय भागात युद्ध आलं. पीव्हीएच या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये हवासातला आपला कारखाना बंद केला. १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने इथिओपियाची ‘आगोआ’ योजनेतली करमुक्त निर्यातीची सवलत काढून घेतली. केनियाची चालू राहिली. त्यानंतरच्या काळातले इथिओपियाच्या वस्त्रोद्योगाचे आकडे २०१९ च्या आकड्यांशी थेट जोडू नका. मजुरी तीच असली तरी कामाचे दिवस, ओव्हरटाइम आणि नोकरीची खात्री बदललेली होती.

संघटना कुठे मजबूत?

केनियात. मध्यवर्ती महासंघ (कोटू) १९६५ पासून आहे. एखाद्या कारखान्यातले निम्म्याहून जास्त कामगार सभासद झाले की मालकाला संघटनेला मान्यता द्यावी लागते, मग सामूहिक करार होतो. मळ्यांवर आणि शेतीत हे करार प्रत्यक्ष पगार ठरवतात. नैवाशाच्या फुलमळ्याचा पगार फक्त शेतीच्या वेतन आदेशावरून लिहिला तर तो खऱ्यापेक्षा कमी निघू शकतो. करार मागून घ्या.

इथिओपियात दहा कामगार मिळून संघटना काढू शकतात आणि देशपातळीवर महासंघही आहे. औद्योगिक वसाहतींत शिरायला मात्र संघटनांना फार वेळ लागला. फाटकावर वसाहतीचाच पहारा, कामगार विशीच्या आतबाहेरच्या आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत निघून जाणाऱ्या. अशा ठिकाणी सभासद जमवणं किती कठीण असेल ते सहज कळतं. ‘कामगार प्रतिनिधी समिती आहे’ हे वाक्य अहवालात दिसलं तर ती निवडून आली की नेमली गेली, एवढं विचारा.

रोजंदारीवरच्या लोकांचं काय?

केनियाच्या कायद्यात एक उपयोगी कलम आहे. रोजंदारीवरचा माणूस सलग महिनाभर काम करत असेल, किंवा काम एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणारं असेल, तर त्याला मासिक पगारी कामगाराचे हक्क लागू होतात. हे टाळण्यासाठी काही ठिकाणी महिना भरण्याआधी दोन-तीन दिवस घरी बसवतात. हजेरीत दर महिन्याच्या शेवटी सारखीच पोकळी दिसली तर ती योगायोगाने आलेली नसते.

इथिओपियात करार बेमुदतच आहे असं कायदा गृहीत धरतो. मुदतीचा करार फक्त कायद्याने सांगितलेल्या कारणांसाठीच चालतो. परिवीक्षा काळ ६० कामाचे दिवस, तर केनियात सहा महिन्यांपर्यंत, आणि संमतीने आणखी सहा.

आणि हे सगळं पगारी नोकरीपुरतं. केनियात छोटी शेती सोडून उरलेल्या रोजगारापैकी सुमारे ८३ टक्के असंघटित क्षेत्रात, जुआ काली म्हणजे ‘कडक उन्हात’ चालणाऱ्या धंद्यांत आहे. किमान वेतनाचा आदेश त्यांच्या दारापर्यंत पोचत नाही.

कामावर अपघात झाला तर भरपाई?

कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर केनियात ९६ महिन्यांची कमाई, इथिओपियात पाच वर्षांचा पगार, म्हणजे ६० महिने. केनियात मालकाने विमा उतरवणं सक्तीचं आहे. विमापत्राची प्रत आणि त्यात दाखवलेली कामगारांची संख्या हजेरीपटाशी ताडून पाहा. संख्या कमी असेल तर बहुधा रोजंदारीवरचे लोक वगळलेले असतात, आणि सगळ्यात धोक्याचं काम तेच करत असतात.

फुलमळ्यांवर फवारणीनंतर हरितगृहात किती तासांनी शिरायचं हे औषधानुसार ठरलेलं असतं. दारावर फवारणीची वेळ आणि आत जायची वेळ लिहिलेली पाटी हवी. पाटी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्या वेळेत तोडणीची नोंद झाली आहे का, ते बादल्यांच्या हिशेबातून कळतं.

तारखा आणि वेळा जुळत नाहीत, असं का?

इथिओपियाची दिनदर्शिका वेगळी आहे. तेरा महिने, त्यातला शेवटचा पगुमे पाच किंवा सहा दिवसांचा, नवं वर्ष साधारण ११ सप्टेंबरला, आणि वर्षाचा आकडा आपल्यापेक्षा सात-आठने मागे. ‘२०११’ अशी तारीख असलेलं पगारपत्रक २०१८-१९ चं असतं. ते २०११ चं समजून महागाईचा हिशेब केला की सगळंच कोसळतं. आर्थिक वर्ष ८ जुलैला सुरू होतं.

घड्याळाचा घोळ दोन्हीकडे आहे. अम्हारिक आणि स्वाहिली दोन्ही भाषांत तास सूर्योदयापासून मोजतात. ‘सकाळी एक’ म्हणजे आपले सकाळचे सात. कामगाराशी बोलताना ‘दोन वाजता सुटते’ असं कळलं तर ते दुपारचे दोन की रात्रीचे आठ, हे तिथल्या तिथे विचारा. दुभाषा सवयीने सहा तास मिळवून सांगतो, काही वेळा विसरतो. ओव्हरटाइमच्या चौकशीत ही चूक संपूर्ण मुलाखत निकामी करते.

भारतातून नोकरीला जाणाऱ्याने काय बघावं?

पगार कुठल्या चलनात ठरला आणि कुठल्या चलनात मिळणार, हे करारात स्पष्ट हवं. बिरमधल्या पगाराचं २०२४ मध्ये काय झालं ते वर सांगितलंच आहे. परवाना मालकाने काढायचा: केनियात ‘डी’ वर्गाचा, इथिओपियात तीन वर्षांचा, दरवर्षी नूतनीकरणाचा आणि ठरावीक कामापुरता. पर्यटक व्हिसावर या, बाकी नंतर बघू, असं कोणी म्हणत असेल तर जाऊ नका.

घरकाम करणाऱ्या बायका तुलनेत कुठे बसतात?

केनियात घरकामगार सर्वसाधारण वेतन आदेशातच येतो, साध्या मजुराच्या श्रेणीत. म्हणजे नैरोबीत तिचाही किमान मूळ पगार १६,११३.७५. प्रत्यक्षात बहुतेक घरांत तो मिळत नाही, पण दावा करायला आधार आहे. इथिओपियात नफ्यासाठी नसलेली घरगुती सेवा कामगार कायद्याच्या कक्षेतच घेतलेली नाही. वर सांगितलेले ४८ तास, १२० दिवसांची रजा, ओव्हरटाइमचे चार दर, यातलं काहीही अदिस अबाबातल्या स्वयंपाकघरात झोपणाऱ्या मुलीला त्या कायद्याने मिळत नाही. तक्त्यात तिच्या रकान्यात ‘आकडा उपलब्ध नाही’ असं लिहू नका. ‘कायद्याबाहेर’ असं लिहा.